पनवेलची चाके : घाटवाट, धाव आणि घरातली भट्टी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांसाठी गावोगावची माहिती गोळा झाली, तेव्हा भात आणि मीठ यांचा मोठा व्यापार असलेल्या पनवेल शहराचा मुख्य धंदा म्हणून बैलगाडीची चाके बनवण्याच्या कामाची नोंद झाली, आणि देशावरून उतरलेला गाडीवान परतताना येथून चाकांची जोडी घेऊन जातो, अशी पुस्तीही तिला जोडली गेली. ही नोंद जेमतेम एका वाक्याची असली तरी तिच्यातून दोन प्रश्न उभे राहतात. ज्या गावाजवळ लोखंडाची खाण नाही, ओतकामाची परंपरा नाही आणि ज्याचे नाव कोणत्याही राजाश्रयाच्या कारखान्याशी जोडलेले नाही, तेथे चाकाचा धंदा का वाढला, हा पहिला प्रश्न; आणि तापल्या लोखंडावर इतका हात बसलेल्या या गावात पुढे लेथ आणि यंत्रकामाचे केंद्र का उभे राहिले नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर रस्त्यात सापडते, दुसऱ्याचे खुद्द चाकाच्या रचनेत.

मुंबईहून पुण्याकडे जाणारा जुना मार्ग अर्धा पाण्याचा आणि अर्धा जमिनीचा होता. मुंबई बंदरातून होडी निघाली की भरतीच्या पाण्याबरोबर ती खाडीतून पनवेलपर्यंत येई. तेथे प्रवासी पालखीत किंवा गाडीत बसत, माल बैलांच्या पाठीवर चढे आणि पुढची वाट खालापूर, खोपोली आणि बोरघाट अशी जाई. मराठ्यांशी झालेल्या युद्धाच्या काळात, १८०४ च्या सुमारास, जनरल वेलस्ली याने तोफा वर नेता याव्यात म्हणून ही वाट कशीबशी गाडीजोगी करून घेतली. परंतु चाकाच्या वाहनाला खरोखर उपयोगी पडेल असा घाटरस्ता १८३० च्या नोव्हेंबरात, गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीच्या अखेरीस, खुला झाला. वाहन बदलण्याच्या अशा ठिकाणी गोदामे, धर्मशाळा, दलाल, हमाल आणि जनावरांचे तळ जमत जातात. पनवेलची नगरपालिका १८५२ साली, म्हणजे राज्यातील बहुतेक शहरांच्या पुष्कळ आधी स्थापन झाली, त्यामागे या वर्दळीचा वाटा मोठा असावा, असे मानणे वाजवी आहे.

घाटरस्ता झाला म्हणून देशावरच्या शेतकऱ्याकडे लगेच गाडी आली, असे मात्र नाही. तोवर दख्खनमधली बहुतेक मालवाहतूक बैलांच्या पाठीवरून, लमाणांच्या तांड्यांतून चाले, आणि ज्या थोड्या गाड्या होत्या त्यांची चाके भरीव लाकडाची, क्वचित दगडाचीही असत. अशी गाडी ओढायला बैलांच्या एकाहून अधिक जोड्या लागत आणि ती गावाच्या शिवारापलीकडे फारशी जात नसे. १८३० च्या दशकात इंदापूर भागात जमीन महसुलाची नवी मोजणी सुरू झाली, तेव्हा त्या कामावरच्या लेफ्टनंट गेसफर्ड याने टेंभुर्णी येथे हलक्या गाड्या बनवण्याचा कारखाना काढला, आणि आऱ्यांच्या चाकाची, एका बैलजोडीला झेपणारी गाडी त्या भागात रुजू लागली. मोजणी अधिकाऱ्याने गाड्यांच्या कारखान्यात लक्ष घालावे, हे वरवर विचित्र दिसते. पण धान्य बाजारापर्यंत पोचले नाही तर रोख सारा वसूल होणार नाही, हा हिशेब त्यामागे होता. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत पाठीवरचा माल गाडीवर आला आणि पनवेलच्या तळावर बैलांच्या पाठींऐवजी गाड्यांच्या रांगा लागू लागल्या.

गाडीत सर्वांत महाग आणि सर्वांत आधी झिजणारा भाग म्हणजे चाक. साटी, म्हणजे माल ठेवण्याचा सांगाडा, गावचा सुतार बांधून देई; जू आणि दांड्याही गावातच होत. चाकाचे तसे नव्हते. त्याला मुरलेले कठीण लाकूड लागे, लोखंडाची लांब पट्टी लागे आणि सुतार व लोहार या दोघांचे काम एकाच जागी, एकाच वेळी व्हावे लागे. बलुतेदारीच्या गावात हे दोघेही होते. पण सुगीला मिळणाऱ्या धान्याच्या मोबदल्यात त्यांनी नांगर, कुळव, विळे, कोयते यांची डागडुजी करायची, एवढाच व्यवहार ठरलेला असे, आणि विकत घ्याव्या लागणाऱ्या लोखंडाचा खर्च त्या व्यवस्थेत सहज बसत नसे. पनवेलचे चाक याच्या उलट रोखीचे होते. ते अनोळखी गिऱ्हाइकासाठी, ते येण्याआधीच तयार करून ठेवलेले असे, आणि मालाचे भाडे हाती पडलेला गाडीवान हे त्याचे नेमके गिऱ्हाईक होते.

कच्चा मालही याच ठिकाणी स्वस्त पडे. परदेशी लोखंडाची पट्टी मुंबईच्या गोदीत उतरे आणि होडीने थोड्या भाड्यात खाडीत येई. घाट चढवून पुण्यास नेलेल्या त्याच पट्टीवर गाडीभाड्याचा बोजा पडे. कर्नाळा, माथेरान आणि कर्जतच्या बाजूची जंगले जवळ होती, आणि कोकणपट्टीतला खैर, ऐन, तिवस व साग हाताशी होता. शिवाय चाक ही वजनापेक्षा जागा अधिक अडवणारी वस्तू आहे. मुद्दाम भाडे देऊन ती दूर न्यावी, तर किंमत परवडत नाही. परतीच्या गाडीवर मिठाच्या किंवा भाताच्या गोण्यांवर बांधून नेली, तर तिची वाहतूक जवळजवळ फुकट होते. बोरघाटाच्या उतारावर गाडी आवरताना चाकांची जी झीज होई, तिनेही गिऱ्हाईक पनवेलच्याच दारात आणून सोडले. घाटाच्या पायथ्याशी थकलेले चाक आणि खाडीच्या काठी स्वस्त लोखंड यांची गाठ येथे पडत होती, आणि या धंद्याचे मूळ कारागिरांच्या एखाद्या गूढ वारशापेक्षा या गाठीत शोधणे अधिक सयुक्तिक आहे.

चाक कसे घडे, हे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा मुद्दा त्यावर उभा आहे. चाकाच्या मध्यभागी तुंबा, म्हणजे आस ज्यातून जातो तो लाकडी गड्डा, असतो. त्यात खोबणी पाडून आरे ठोकतात. आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर पुठ्ठे, म्हणजे परिघाचे वक्र लाकडी तुकडे, बसवतात. एका पुठ्ठ्यात दोन आरे, या हिशेबाने बारा आऱ्यांना सहा पुठ्ठे लागतात. वाकस, पटाशी, रंधा आणि दोरीने फिरवायचा सामता एवढ्या हत्यारांवर हे काम होई. या अवस्थेत चाक गोल दिसले तरी कच्चे असते; सांध्यांत किंचित फट असते आणि ती मुद्दाम ठेवलेली असते. ती फट मिटवून आरे, पुठ्ठे आणि तुंबा यांना एकजीव करते ती धाव, म्हणजे चाकाभोवतीचे लोखंडी कडे.

धाव घालताना आधी चाकाचा परीघ मोजतात. त्यासाठी फूटपट्टी चालत नाही. मुठीला बसवलेली छोटी चकती चाकाच्या कडेवरून फिरवून तिचे किती फेरे झाले ते खुणेने धरायचे आणि तेवढेच फेरे लोखंडी पट्टीवर मोजायचे. पण खूण करताना पट्टी लाकडाच्या परिघापेक्षा किंचित आखूड ठेवायची. पट्टी वाकवून तिची टोके निमुळती करतात, एकमेकांवर ठेवून भट्टीत पांढरीफेक होईतो तापवतात, जोडावर वाळू किंवा टाकणखार टाकतात, म्हणजे लोखंडावरचा मळ वितळून निघून जातो, आणि ऐरणीवर घणाचे घाव घालून दोन टोकांचा एक तुकडा करतात. हा जोड फसला तर सगळी धाव वाया जाते. म्हणून लोहाराची पारख येथेच होई. तयार कडे अंगणात जमिनीवर आडवे ठेवून त्याभोवती गोवऱ्यांची वर्तुळाकार आग लावायची, ते मंद लाल झाले की दोघा-तिघांनी लांब सांडशींनी उचलून चाकावर बसवायचे, घणाने चहूकडून दाबायचे आणि लाकूड पेट घेण्याच्या आत पाणी ओतायचे. चार फूट व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे साडेबारा फूट भरतो. एवढ्या लांबीचे लोखंड पाचशे अंश सेल्सिअसने तापले की पाऊण ते एक इंच वाढते, आणि निवताना तेवढेच आकसते. त्या आकसण्याने आऱ्यांचे सांधे कचकन मिटतात. जेथे यंत्रशाळेत कित्येक टनांचा दाब देणारे यंत्र लागले असते, तेथे पनवेलच्या अंगणात गोवऱ्या आणि चार घागरी पाणी पुरत असे.

आखूड किती ठेवायची, हा अंदाज मात्र कठीण होता. जास्त आखूड ठेवली तर आरे वाकतात किंवा तुंबा चिरतो, कमी ठेवली तर धाव पहिल्याच उन्हाळ्यात सैल पडते. कोकणची हवा दमट आणि देशावरची कोरडी, त्यामुळे खाडीकाठी घट्ट बसलेले चाक सोलापूरच्या उन्हात सुकून आकसणार, हे गृहीत धरूनच काम करावे लागे, आणि पुरते मुरलेले लाकूड वापरणाऱ्याचे चाक टिके. देशावरचा शेतकरी उन्हाळ्यात चाके ओढ्यात किंवा डोहात भिजत ठेवी, ती याच कारणाने.

या कामाला वेगळा कारखाना लागत नाही. भाता आणि ऐरण पडवीत, लाकूड परसात, धाव तापवण्यासाठी अंगण किंवा रस्त्याची कडा, एवढी जागा पुरते. भाता ओढण्याला घरातले हात असतात आणि मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की घण उचलू लागतो. घर आणि कार्यशाळा यांची अशी एकत्र वस्ती केवळ लोहारांचीच नव्हती. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतही घरात राहणे आणि घरातच भांडी ठोकणे चाले. इंग्लंडात याच काळात घरच्या कार्यशाळेला एक निराळाच अर्थ आला होता. लंडनची होल्टझाप्फेल ही पेढी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून श्रीमंत हौशी मंडळींसाठी नक्षीदार लेथ बनवत होती, आणि १८९८ साली पर्सिव्हल मार्शल याने सुरू केलेल्या ‘मॉडेल इंजिनिअर’ या नियतकालिकाने ही हौस कारकून आणि शिक्षकांच्या घरापर्यंत नेली. पोट भरण्याचा धंदा एक आणि संध्याकाळी परसातल्या खोलीत छोटे वाफेचे इंजिन बनवण्याचा नाद दुसरा, ही विभागणी पनवेलच्या चाकवाल्याला अनाकलनीय वाटली असती, कारण त्याच्या घरात धातूकाम होते ते चुलीवर अन्न शिजावे म्हणून.

लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरता ठेवून त्यावर पोलादी हत्याराची धार टेकवून तो हव्या त्या मापाला उतरवण्याचे यंत्र. दोरीने किंवा कमानीने मागेपुढे फिरवायचा लाकूडकामाचा लेथ आपल्याकडे जुना आहे. सावंतवाडीची लाखेच्या रंगाची खेळणी त्याच्यावरच घडली. परंतु त्यात हत्यार कारागिराच्या हातात असते, आणि अचूकपणाही हाताएवढाच राहतो. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्लेने हत्यार हातातून काढून सरकत्या लोखंडी पाटावर पक्के बसवले आणि तो पाट आट्यांच्या दांड्याने पुढे सरकवला; त्यामुळे एकाच मापाचे दहा आस आणि एकाच आट्यांचे शंभर बोल्ट काढणे शक्य झाले. यंत्रयुगातला खरा बदल हाच होय, असे अनेक इतिहासकार मानतात आणि ते पटण्यासारखे आहे.

पनवेलच्या चाकाला याची गरजच नव्हती. त्याची प्रत्येक धाव त्याच एका चाकासाठी मोजलेली असे. शेजारच्या चाकावर ती बसली नाही तरी कोणाचे काही बिघडत नव्हते. तुंब्याच्या भोकात बसवलेली लोखंडी नळी आणि आस यांच्यात बोटभर सैलपणा असला तरी वंगण घातले की गाडी चाले, आणि ताशी दोन-तीन मैलांच्या चालीत तो सैलपणा जाणवतही नसे. येथे कौशल्य मोठे होते, परंतु ते माप जुळवून घेण्याचे कौशल्य होते, माप ठरवून देण्याचे नव्हे. कामात अचूकपणाची निकड निर्माण झाल्याशिवाय लेथवर पैसा घालण्याचे कारण कोणालाच नसते, मग हात कितीही तयार असोत.

मराठी मुलखात ही निकड दुसऱ्याच चाकाने आणली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर नोकरी सोडून बेळगावला गेले आणि भावाबरोबर सायकलींच्या विक्री-दुरुस्तीच्या धंद्यात पडले. सायकलीत धाव चालत नाही. तिचे पोलादी गोळे, आट्या आणि आस ठरल्या मापाचेच लागतात, आणि दुरुस्ती करणाऱ्याला लेथ, भोके पाडण्याचे यंत्र अशी मोजकी का होईना यंत्रे ठेवावी लागतात. तेथूनच कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर, १९१० साली औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी आणि १९४१ साली हरिहरला लेथ बनवणारा म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना, अशी ही साखळी आहे. लक्ष्मणरावांच्या सुरुवातीच्या कामात धंदा किती आणि नाद किती, हे सांगणे अवघड आहे. यंत्रांविषयीची पुस्तके आणि परदेशी नियतकालिके वाचून प्रयोग करणारा हा माणूस इंग्लंडात असता तर कदाचित मार्शलचा वर्गणीदार झाला असता. कोल्हापुरात उसाच्या लोखंडी चरकाने आणि पुढे तेलाच्या इंजिनाने तेच केले. चरकाच्या लाटा आणि दात्यांची चाके मोडली की गुऱ्हाळ बंद पडते, म्हणून ओतकाम आणि लेथकाम शेताच्या जवळच हवे होते, आणि आजचे शिवाजी उद्यमनगर त्या गरजेतून वाढले. पनवेलच्या परिसरात भातखाचरे आणि मिठागरे होती. त्यांना यंत्र लागत नव्हते, आणि ज्याला यंत्र लागत नाही त्याचे यंत्र मोडतही नाही.

रेल्वेने हा धंदा बुडवला, असे म्हणण्याचा मोह होतो. काळाचा क्रम मात्र त्याला साथ देत नाही. खोपोलीपर्यंत लोहमार्ग १८५६ मध्ये, खंडाळा ते पुणे १८५८ मध्ये आणि मधला बोरघाट १८६३ मध्ये पूर्ण झाला. पनवेल मात्र या मार्गाच्या बाहेर राहिले. तरीही वीस वर्षांनंतरच्या गॅझेटिअरमध्ये चाके हाच शहराचा मुख्य धंदा आहे. याची दोन कारणे संभवतात. रेल्वेचे भाडे आणि स्टेशनावरची चढउतार टाळून घाटमार्गे थेट खाडीवर माल उतरवणे काही गाडीवानांना परवडत राहिले, हे एक; आणि रेल्वेने लांबची वाहतूक हिरावली तरी स्टेशनापर्यंत माल आणण्यासाठी देशावर गाड्यांची संख्या वाढलीच, हे दुसरे. गाडी वाढली की चाकाची मागणी वाढते, मग ती गाडी पनवेलला येवो वा न येवो. फक्त न येणाऱ्या गाडीचे चाक हळूहळू तिच्या स्वतःच्या बाजारपेठेत बनू लागते, आणि पनवेलच्या मक्तेदारीला उतरती कळा लावण्यास एवढे कारण पुरेसे होते.

शेवटचा धक्का विसाव्या शतकात रबराने दिला. मुंबई–पुणे रस्त्यावर लॉरी आली तसा घाट चढणारा बैल दिसेनासा झाला, आणि शेतावर व साखर कारखान्यांच्या भोवती जी गाडी टिकली तिला हवा भरलेले टायर लागले. टायरगाडीचा आस पोलादी, लेथवर कातलेला आणि बेअरिंगमध्ये फिरणारा असतो. त्याचे माप कारखाना ठरवतो आणि गाव ते विकत घेतो. घणाने भरलेला जोड, गोवऱ्यांची आग, आकसणारे लोखंड या साऱ्यांना त्या चाकात जागाच नव्हती.

पनवेलला लोहमार्ग आला तो १९६० च्या दशकात, दिव्याहून. सिडकोची स्थापना १९७० ची, ठाणे खाडीवरचा वाशीचा पूल १९७३ चा आणि न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ चे. या तिन्हींनी मिळून पनवेलला पुन्हा वाहतुकीच्या नाक्यावर आणून ठेवले. मुंबईत कर्नाक बंदर आणि रे रोडच्या बाजूला गर्दी करून असलेला लोखंडाचा घाऊक व्यापार हलवण्यासाठी कळंबोलीला लोखंड बाजार वसवला गेला, आणि तेथून मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. पूर्वी होडीतून येणारी पट्टी आता ट्रेलरवरून येते. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आणि शहराच्या कडेच्या गाळ्यांत जी लेथ फिरतात ती बहुधा बुशिंग, पिना आणि पंपाचे आस कातण्यासाठी. घरात लेथ ठेवू पाहणाऱ्या हौशी माणसाला मात्र निराळ्याच अडचणी येतात. मोठ्या लेथची मोटर तीन फेजची असते आणि घरगुती जोडणी बहुधा एका फेजची, सदनिकेच्या जमिनीला यंत्राचे वजन आणि शेजाऱ्याला त्याचा आवाज सोसत नाही, म्हणून निवड राजकोट किंवा बटाल्याच्या मोठ्या लेथऐवजी एका अश्वशक्तीच्या आतल्या, टेबलावर मावणाऱ्या यंत्राची करावी लागते. त्यावर तीन-चार इंच व्यासाचा तुकडा आरामात कातता येतो, आणि त्यापेक्षा मोठे काम असेल तर ते जवळच्या गाळ्यात नेऊन तासाच्या दराने करून घ्यावे लागते.